कळते पण वळत नाही: प्रौढ वयातला एडीएचडी

विजेचे बिल आले आहे हे ठाऊक असते, शेवटची तारीख ठाऊक असते, खात्यात पैसे असतात, मोबाइलवरून ते भरायला दोन मिनिटे पुरतात याचीही कल्पना असते; आणि तरीही तारीख उलटून जाते, विलंब आकार लागतो आणि घरात पुन्हा एकदा तोच वाद होतो. एखाद्या महिन्यात असे कोणाचेही होते. काही माणसांचे मात्र शाळेच्या दिवसांपासून, बिलापासून आईच्या औषधापर्यंत प्रत्येक बाबतीत आणि मनापासून प्रयत्न करूनही असेच होत राहते. वेंधळा, धांदरट, आरंभशूर, निष्काळजी ही विशेषणे त्यांना लहानपणापासून मिळालेली असतात आणि बहुतेकांनी ती स्वतःबद्दल खरीही मानलेली असतात. यांपैकी काही जणांना एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) असतो, म्हणजे लक्षाचे नियमन करण्यातील अडचण, चंचलता आणि उतावळेपणा यांचा, मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित असलेला विकार. तो लहान मुलांचा आजार आहे आणि मोठेपणी आपोआप जातो, हा समज आपल्याकडे अजूनही पक्का आहे. म्हणून हा लेख प्रौढांबद्दल आहे, आणि त्यातही विसराळूपणा, झोप आणि दिनक्रम यांबद्दल अधिक आहे, कारण रोजचे जगणे मुख्यतः याच तीन ठिकाणी अडते.

नेमके काय अडते

एडीएचडी असलेल्या माणसाला लक्ष देताच येत नाही, असे नाही. आवडीचे काम हाती लागले, की तोच माणूस तहानभूक विसरून पाच-पाच तास एका जागी बसतो. अडचण येते ती लक्ष हवे तिथे वळवण्यात, कंटाळवाण्या कामावर ते टिकवण्यात आणि गुंतलेले लक्ष वेळ झाली की सोडवून घेण्यात. कामाला सुरुवात करणे, त्याचे टप्पे ठरवणे, मध्येच आलेली ऊर्मी रोखणे, वेळेचा अंदाज घेणे आणि हातातले काम संपेपर्यंत ते डोक्यात धरून ठेवणे ही सारी मेंदूची व्यवस्थापकीय कामे आहेत. कपाळामागचा मेंदूचा भाग आणि त्याच्याशी जोडलेली मज्जातंतूंची जाळी ती पार पाडतात. या जाळ्यांमध्ये संदेश पोहोचवण्याचे काम डोपामिन आणि नॉरएड्रेनालिन ही रसायने करतात, आणि एडीएचडीमध्ये त्यांचे नियमन वेगळ्या रीतीने चालते. म्हणूनच जे काम नवे, आवडीचे, अटीतटीचे किंवा अगदी उद्यावर आलेले असते ते झपाट्याने होते, आणि जे महत्त्वाचे असूनही नीरस आणि लांबच्या मुदतीचे असते ते हलता हलत नाही. या विषयावर अनेक दशके काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांची मांडणी मला सर्वांत उपयुक्त वाटते. त्यांच्या मते काय करायचे हे न कळणे ही एडीएचडीची अडचण नसून, जे कळते ते योग्य वेळी हातून न होणे ही त्याची खरी अडचण आहे. हे एकदा लक्षात आले, की उपदेशाचा उपयोग का होत नाही हेही लक्षात येते. कारण उपदेशाने माहितीत भर पडते, आणि माहितीची कमतरता इथे मुळातच नसते.

हा विकार मोबाइलने किंवा आजच्या धावपळीने निर्माण केलेला नाही. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्ये लक्ष टिकवता न येणाऱ्या माणसांचे वर्णन केले होते, आणि लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत तो १९८० मध्ये लक्षाचा विकार म्हणून आला, १९८७ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, आणि २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी निकषांमध्ये थोडा बदल करण्यात आला. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित अंदाज घेतला तर प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण साधारण अडीच ते तीन टक्के आहे. शंभर जणांच्या कार्यालयात अशी दोन-तीन माणसे असणार, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्या त्रासाला नाव आहे हेच माहीत नसणार.

मग हे लहानपणी का लक्षात आले नाही, असा प्रश्न घरातले हमखास विचारतात. एक कारण असे, की वयाबरोबर बाहेरून दिसणारी चंचलता कमी होते. वर्गात बाकावरून उठणारा मुलगा चाळिशीत बैठकीत पाय हलवत बसतो किंवा नुसताच आतून अस्वस्थ राहतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. लहानपणी आठवण ठेवण्याचे काम दुसरे कोणीतरी करत असते. आई उठवते, डबा हातात देते, शाळेची घंटा तास बदलते, शिकवणीच्या बाई वही तपासतात आणि परीक्षेची तारीख सगळ्या वर्गाची एकच असते. नोकरीसाठी माणूस पुण्याला किंवा बंगळुरूला एकटा राहू लागतो, किंवा लग्न होऊन संसार आणि मूल यांची जबाबदारी येते, तेव्हा हे आधार एकदम निघून जातात आणि तोवर झाकलेले सगळे उघडे पडते.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक कठीण होते. मुलींमध्ये चंचलतेपेक्षा हरवलेपणा जास्त आढळतो, आणि वर्गात शांत बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीची तक्रार कोणी करत नाही. शिवाय आपल्या घरांमध्ये साऱ्या कुटुंबाची आठवण ठेवण्याचे काम रीतीने तिच्याकडेच येते. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, मुलाच्या लसीची तारीख, सासऱ्यांच्या गोळ्या, नणंदेचा वाढदिवस आणि संकष्टी कधी आहे, हे सगळे तिला न सांगता लक्षात असावे अशी अपेक्षा असते. पुरुष विसरला तर त्याला कामाचा ताण आहे असे म्हटले जाते, आणि ती विसरली तर तिला संसारात रस नाही असे. ज्या क्षमतेची तिच्या मेंदूत उणीव आहे नेमक्या त्याच क्षमतेवर तिचे मोल ठरवले जाते, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. पाळीपूर्वीच्या आठवड्यात आणि रजोनिवृत्तीच्या आसपास त्रास वाढल्याचे अनेक स्त्रिया सांगतात. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा डोपामिनच्या कामाशी असलेला संबंध त्यामागे असावा असे मानले जाते.

विसराळूपणाची आतली गोष्ट

गॅसवर दूध ठेवले आहे. दोन मिनिटांत वर येईल, तोवर इथेच उभे राहायचे असे ठरवलेले आहे. एवढ्यात दाराची बेल वाजते. कुरियरवाल्याला सही हवी असते, सही करायला पेन सापडत नाही, पेनासाठी खण उघडला की त्यात गेले दोन दिवस शोधत असलेला आधार कार्डाचा फोटो मिळतो, तो नीट ठेवावा म्हणून कपाटाकडे पाऊल वळते, आणि ओट्यावरून करपट वास येईपर्यंत दूध या जगात नसते. ही उपमा नव्हे, असंख्य घरांमध्ये वारंवार घडणारी घटना आहे, आणि तिच्यात नेमके काय झाले हे पाहण्यासारखे आहे. माणूस दुधाला महत्त्व देत नव्हता असे नाही. काम डोक्यात तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्मृतीतून, जिला कार्यकारी स्मृती म्हणतात, ते नव्या गोष्टीने पुसले गेले. सामान्यतः मेंदू मागचे काम मागे ठेवून पुढच्याकडे वळतो आणि थोड्या वेळाने मागच्याची आठवण करून देतो. इथे मागचे काम मागे उरतच नाही.

विसरण्याचे याहून वेगळे दोन प्रकारही आहेत. कधी गोष्ट मुळात नोंदलीच जात नाही: किल्ली टेबलावर ठेवताना लक्ष फोनवरच्या बोलण्यात होते, त्यामुळे ती कुठे ठेवली हे आठवण्यासाठी आत काही साठलेलेच नसते. आणि कधी पुढे करायच्या गोष्टीची आठवण त्या वेळेला येत नाही. संध्याकाळी येताना औषध आणायचे आहे हे सकाळी माहीत असते, रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावर पुन्हा माहीत होते, फक्त औषधाच्या दुकानासमोरून जाताना माहीत नसते. याउलट जुन्या आठवणी उत्तम असू शकतात. शाळेतल्या सहलीचा तपशील किंवा वीस वर्षांपूर्वीच्या सामन्याची धावसंख्या तोंडपाठ असलेला माणूस बायकोने काल सांगितलेले काम विसरतो, आणि मग 'सोयीचे बरे लक्षात राहते' हे वाक्य ऐकतो. स्मृतीची ही दोन खाती वेगवेगळी आहेत हे घरच्यांना समजले, तर निम्मी कटुता कमी होईल.

वेळेचे भानही यालाच जोडलेले आहे. अनेकांसाठी वेळ दोनच भागांत असते, आत्ता आणि नंतर. आणि 'नंतर'मध्ये पुढचा तास व पुढचा महिना सारख्याच अंतरावर असतात. 'पाच मिनिटांत निघतो' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याला खरोखर पाच मिनिटे वाटतात. यावर अंदाज सुधारण्याचा सराव फारसा चालत नाही, मोजमाप चालते. आंघोळ, कपडे, नाश्ता, बूट, किल्ली आणि लिफ्ट यांना प्रत्यक्ष किती मिनिटे लागली हे आठवडाभर घड्याळ लावून लिहिले, की निघायला पंधरा नव्हे तर चाळीस मिनिटे लागतात हे कागदावर दिसते, आणि पुढे हिशोब त्या आकड्यावरून करायचा. काट्यांचे मोठे घड्याळ स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराच्या दारासमोर लावावे; मोबाइलमध्ये वेळ पाहायला गेलेला माणूस वेळ पाहून परत येईलच याची खात्री नसते.

म्हणून उपाय डोक्याबाहेर शोधावे लागतात, आणि जिथे काम करायचे तिथेच ते ठेवावे लागतात. दूध तापेपर्यंत हातात पळी धरून ठेवावी. बेल वाजली तर पळी हातात घेऊनच दार उघडले जाते आणि ती पळीच ओट्याकडे परत आणते. किंवा ओटा सोडताना गॅस बंद करायचा, दूध कच्चे राहिले तरी चालेल, असा नियम करावा. दाराजवळ एकच जागा ठरवून किल्ली, पाकीट, ओळखपत्र आणि हेल्मेट तिथेच ठेवावे. उद्या न्यायची फाइल चपलेवर ठेवावी, कारण चप्पल घातल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. एडीएचडी असलेल्या माणसासाठी दृष्टीआड सृष्टी हे अक्षरशः खरे असते, त्यामुळे बंद कपाटातल्या बंद डब्यांपेक्षा उघडी फडताळे आणि आरपार दिसणारे डबे बरे; त्यात फ्रिजमधली भाजीही आली. दर महिन्याची बिले आपोआप भरली जातील अशी सूचना बँकेला द्यावी, आणि गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणावी, म्हणजे आजची गोळी घेतली की नाही या प्रश्नाचे उत्तर आठवावे लागत नाही, दिसते. नोंदवही मात्र एकच असावी. तीन ॲप, दोन डायऱ्या आणि फ्रिजवरच्या चिठ्ठ्या अशी विभागणी झाली, की कोणती नोंद कुठे केली हे लक्षात ठेवणे हेच नवे काम होऊन बसते.

झोप

कुठून सुरुवात करावी असे मला कोणी विचारले, तर मी झोपेपासून असे सांगेन. अपुऱ्या झोपेमुळे निरोगी माणसाचेही लक्ष, संयम आणि स्मरण ढासळते. एडीएचडीत या तिन्ही गोष्टी आधीच तोकड्या असतात, आणि वर झोपेचा त्रासही मोठ्या प्रमाणावर असतो. तो केवळ रात्री मोबाइल पाहण्याने होत नाही. शरीराचे अंतर्गत घड्याळ संध्याकाळी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडून झोपेची तयारी सुरू करते, आणि एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांमध्ये ही तयारीच सुमारे दीड तास उशिरा सुरू होते, असे नेदरलँड्समधील संशोधकांच्या कामातून पुढे आले आहे. म्हणजे साडेदहाला दिवे मालवून पडलेल्या या माणसाच्या शरीरात अजून नऊच वाजलेले असतात. झोप येत नाही म्हणून तो फोन हातात घेतो, आणि मग फोनच्या उजेडाने व त्यातल्या मजकुराने उरलेली झोपही पुढे ढकलली जाते.

याशिवाय रात्रीचे स्वतःचे एक आकर्षण असते. दिवसभर लोक, आवाज, निरोप आणि अर्धवट कामे यांच्यामध्ये विखुरलेले मन रात्री अकरानंतर पहिल्यांदा एकाग्र होते, कोणी काही मागत नाही, आणि दिवसाचा हाच एक तुकडा आपला आहे असे वाटते. तो सोडून झोपायला जाणे जिवावर येते. त्यातच एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे हे एडीएचडीत मुळातच अवघड असते. डोळे मिटत असतात, पण सोफ्यावरून उठणे, दात घासणे, गादी घालणे, दार-गॅस पाहणे ही साखळी सुरू होत नाही, आणि माणूस अंगावरचे कपडे न बदलता एक वाजता तिथेच झोपी जातो. घरच्यांना हा आळस वाटतो. खरे तर झोपायला जाणे हे पाच-सहा टप्प्यांचे एक काम आहे, आणि ते दिवसाच्या सर्वांत थकलेल्या वेळी करायचे असते.

यासाठी सर्वांत भरवशाचा उपाय सकाळी सुरू होतो. झोपायची वेळ हुकमाने ठरत नाही, उठायची ठरवता येते. म्हणून उठण्याची एकच वेळ आठवड्याचे सातही दिवस पाळावी आणि उठल्यावर लवकरात लवकर बाहेरच्या उजेडात वीस-तीस मिनिटे घालवावीत. सकाळचा उजेड झोपेची वेळ अलीकडे खेचतो आणि रात्रीचा प्रखर उजेड ती पुढे ढकलतो. सोमवार ते शुक्रवार सात-चाळीसच्या लोकलसाठी साडेपाचला उठायचे आणि रविवारी साडेदहापर्यंत झोपायचे, असा क्रम असेल तर शरीर दर आठवड्याला पाच तासांनी हलवले जाते आणि रविवारी रात्री झोप न येणे अटळ होते. रविवारी फार तर तासभर जास्त झोपावे. कमी पडलेली झोप वामकुक्षीने भरून काढावी, पण ती तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटांचीच असावी. चहा-कॉफीतले निम्मे कॅफिन शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणून दुपारी चारनंतरचा चहा बंद करावा. रात्री दात घासणे, गादी घालणे, उद्याचे कपडे काढणे ही कामे जेवणानंतर लगेच, अंगात त्राण असतानाच उरकावीत, म्हणजे झोप आल्यावर फक्त आडवे होणे बाकी राहील. गजर उठण्यासाठी लावतो तसाच आवरायला सुरुवात करण्यासाठीही लावावा, आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवावा; सकाळच्या गजरासाठी साधे घड्याळ पुरते.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांनीच पाहायला हव्यात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि सकाळी उठल्यावर डोके जड असणे ही श्वसनात खंड पडण्याची लक्षणे असू शकतात, आणि तो विकार एडीएचडीसारखाच दिसणारा विसराळूपणा निर्माण करतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर पायांत विचित्र वळवळ होऊन ते हलवावेसेच वाटत असतील, तर शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करावी, कारण हा त्रास एडीएचडीसोबत बऱ्याचदा आढळतो आणि लोह कमी असेल तर वाढतो. मेलाटोनिनच्या गोळ्या कमी मात्रेत आणि योग्य वेळी घेतल्या तर झोपेची वेळ अलीकडे आणायला मदत करतात. पण गोळी घेण्याची वेळ नेमकी कोणती हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, झोपताना सहज म्हणून घ्यायची ती गोळी नव्हे.

दिनक्रम

ज्याला दिनक्रमाची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच तो बसवणे सर्वांत अवघड जाते, हा यातला मोठा पेच आहे. एकवीस दिवस केले की सवय लागते, असे सांगितले जाते. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण लोकांवर केलेल्या अभ्यासात साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसा-माणसांत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. त्याच अभ्यासाचा दिलासा देणारा भाग असा, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. एडीएचडी असलेली माणसे चौथ्या दिवशी खाडा पडला की सगळे संपले असे मानून सोडून देतात, म्हणून हे त्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे वेळापत्रक आखू नये. ते आखताना फार उत्साह वाटतो, आणि तोच उत्साह आठवड्यात संपतो. त्याऐवजी दिवसाला चार-पाच खुंट असावेत: उठणे, पहिले खाणे व गोळी, घराबाहेर पडणे, काम थांबवणे आणि रात्रीची आवराआवर. मधला वेळ मोकळा राहिला तरी चालेल. नवी गोष्ट आधीच घडणाऱ्या गोष्टीला जोडावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवून दिले, की 'व्यायाम करीन' या संकल्पापेक्षा 'चहाचा कप विसळला की बूट घालीन' असा, अमुक झाले की तमुक करायचे, या बांधणीचा संकल्प पार पडण्याची शक्यता जास्त असते. एडीएचडी असलेल्या मुलांवरही याचा चांगला परिणाम दिसला आहे.

एकट्याने सुरुवात होत नसेल तर कोणाच्या तरी सोबतीने होते. घरी पुस्तक उघडू न शकणारी मुले पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकेत अनोळखी माणसांच्या रांगेत बसून सहा-सहा तास वाचतात, हे आपण पाहतो. तीच युक्ती प्रौढाने प्राप्तिकराचे कागद लावताना वापरावी. कोणी मदत करायची गरज नसते, समोर बसून आपले काम करत राहिले तरी पुरते. यावर भक्कम संशोधन थोडे आहे, तरी ज्यांना उपयोग होतो त्यांना तो लगेच जाणवतो.

दिनक्रम मोडणार हे गृहीतच धरावे. गणपतीचे दहा दिवस, गावी लग्न, ताप किंवा कंपनीतले एखादे मोठे काम, यांनी बसलेली घडी विस्कटते आणि ती आपोआप परत बसत नाही. म्हणून घडी चांगली असतानाच पुन्हा सुरुवात करण्याची सर्वांत लहान कृती ठरवून लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी फक्त उठण्याची वेळ आणि सकाळची गोळी, बाकी सगळे पुढच्या आठवड्यात.

निदान आणि औषधे

समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती पाहून आपल्याला एडीएचडी आहे असे वाटणारे बरेच आहेत. त्यांपैकी काहींना तो असतो आणि काहींना नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. ती तपासणी करून घ्यावी की नाही एवढेच सांगते, निदान करत नाही. रक्ताची कोणतीही चाचणी किंवा मेंदूचे छायाचित्र एडीएचडी ठरवू शकत नाही. मनोविकारतज्ज्ञ सविस्तर मुलाखत घेतात, आणि काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी होती का, ती घर, शिक्षण, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी त्रास देतात का, हे तपासतात. त्यामुळे जाताना जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असे शेरे तिथे कामाला येतात. शक्य असेल तर आई-वडिलांना किंवा मोठ्या भावंडाला सोबत न्यावे. चाळिशीपर्यंत सारे सुरळीत असून विसराळूपणा अलीकडेच सुरू झाला असेल, तर कारण बहुधा दुसरे असते: थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, चिंता किंवा झोपेचा विकार. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ ची तपासणी तर जरूर करावी.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, पुण्यात ससून आणि मुंबईत केईएम किंवा नायर अशा ठिकाणी, मनोविकार विभाग आहेत, आणि गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. कुठे जावे हेच कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विचारता येते.

मिथाइलफेनिडेट हे औषध डोपामिन आणि नॉरएड्रेनालिन मज्जापेशींच्या सांध्यात अधिक काळ उपलब्ध ठेवते आणि त्याचा परिणाम साधारण अर्ध्या-एक तासात दिसू लागतो. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाला काही आठवडे द्यावे लागतात. भूक कमी होणे, झोप लांबणे, नाडी व रक्तदाब वाढणे हे त्रास होऊ शकतात, म्हणून हृदयाचा इतिहास सांगावा आणि रक्तदाब पाहत राहावे. भारतात मिथाइलफेनिडेट औषध नियमावलीच्या परिशिष्ट एक्समध्ये येते: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षे ठेवतो, आणि स्वतंत्र परवाना लागत असल्यामुळे कोपऱ्यावरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. शेवटची गोळी संपल्यावर धावपळ करणाऱ्या माणसाला हे फार जड जाते, म्हणून दहा गोळ्या उरल्या की दुकानात जायचे असे ठरवून घ्यावे. परदेशी जाताना, विशेषतः संयुक्त अरब अमिरातीत, अशा औषधांसाठी आधी सरकारी परवानगी घ्यावी लागते. औषधाने सुरुवात करणे सोपे होते. नोंदवही, घड्याळ आणि दाराजवळची जागा मात्र स्वतःच लावावी लागते, आणि त्यासाठी संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन, घेतले तर औषधासोबत त्यांचा चांगला उपयोग होतो.

घर आणि कार्यालय

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांमध्ये एडीएचडी स्वतंत्रपणे दिलेला नाही, त्यामुळे कार्यालयात निदान जाहीर करायचे की नाही हे विचार करूनच ठरवावे. पण निदान न सांगताही बरेच मागता येते: तोंडी सांगितलेले काम दोन ओळींत लिहून मिळावे, मोठ्या कामाला मधल्या तारखा असाव्यात, बसायची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी. घरी कामांची वाटणी करताना वेळेची आठवण लागणारी कामे एकाकडे आणि समोर दिसल्यावर करायची कामे दुसऱ्याकडे द्यावीत. भांडी, कपडे, भाजी, मुलांचा अभ्यास हे ज्याला जमते त्याने पुरेपूर करावे, आणि तारखांची कामे दुसऱ्याने घ्यावीत किंवा यंत्रावर सोपवावीत. आठवण करून द्यायची असेल तर सकाळी चार वेळा सांगण्यापेक्षा माणूस औषधाच्या दुकानाजवळ पोहोचण्याच्या सुमारास एक निरोप पाठवावा.

जुळ्यांवरील अभ्यासांनुसार एडीएचडीमधील फरकांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के आहे. याचा अर्थ मुलाला तो होण्याची शक्यता ७४ टक्के आहे असा नव्हे; माणसा-माणसांत जो फरक दिसतो त्याचा मोठा भाग जनुकांतून येतो, असा त्याचा अर्थ. त्यामुळे मुलाचे निदान होत असताना समोर बसलेल्या आईला किंवा वडिलांना डॉक्टरांचा प्रत्येक प्रश्न आपल्याबद्दलच वाटतो, हे फार वेळा घडते. अशा वेळी स्वतःचीही तपासणी करून घ्यावी, आणि मुलाची गोळी, शाळेची वही व झोपण्याची वेळ सांभाळण्याचे काम घरात कोणी घ्यायचे, हे त्याच भेटीत डॉक्टरांशी बोलून ठरवावे.